एकाच उंचीवरचा रोग

आमच्या घरात भांडायचं काम माझ्याकडे आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण कामाची वाटणी कुठेतरी व्हावी लागते. बाबा झाडं तपासतात, धाकटा भाऊ शिडी, दोर आणि व्हॅन सांभाळतो, आणि मी अहवाल लिहिते व भांडते. ज्यांना चांगलं झाड पाडायचंच असतं त्यांच्याशी, ज्यांना मेलेलं झाडही पाडू द्यायचं नसतं त्यांच्याशी, आणि उरलेल्या वेळात धाकट्याशी.

बाबांना ह्या धंद्यात सगळे ठोकेमास्तर म्हणतात. हातात लाकडी मोगरी घ्यायची, खोडावर ठोका मारायचा आणि सालीला कान लावायचा. लाकूड आतून भरीव असलं तर एक आवाज येतो, पोकळ किंवा कुजलेलं असलं तर दुसरा. मला त्यातलं निम्मं कळतं, धाकट्याला काहीच कळत नाही. बाबांचा निकाल तीनच शब्दांत असतो: खणखणीत, बद्द आणि बघू. 'बघू' म्हणजे सहा महिन्यांनी परत तपासायचं. चाळीस वर्षांत त्यांनी चौथा शब्द वापरलेला मला आठवत नाही. त्या एका शब्दाचा मी दोन पानी अहवाल करते, त्यावर बाबा सही करतात, आणि आमचं घर चालतं.

तर एका शनिवारी सकाळी धाकट्याने बाहेरच्या खोलीत, म्हणजे आमच्या ऑफिसात, टेबलावर एक काळी पेटी आणून ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"थर्मल कॅमेरा. आठ दिवस वापरून बघायला दिलाय. पटला तर घ्यायचा, नाही तर परत."

मग त्याने मला समजावलं. आतून कुजलेलं लाकूड बाकीच्या खोडाइतकं तापत नाही की निवत नाही. साध्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण हा कॅमेरा उष्णतेचं चित्र काढतो. गरम ते नारिंगी, थंड ते निळं. ऊन पडायच्या आधी झाडाचं चित्र काढलं, की कुठे काय बिघडलंय ते रंगावरून कळतं. शिडी नको, ठोका नको. दिवसाला चार झाडं व्हायची तिथे वीस होतील.

"आणि पैसे?"

"नव्या व्हॅनसाठी ठेवलेत ना आपण," तो म्हणाला. "ताई, हा खर्च नाही. ही गुंतवणूक आहे."

धाकट्याने आजवर ज्याला ज्याला गुंतवणूक म्हटलं, ते सगळं माळ्यावर आहे. भुश्याच्या विटा पाडायचं यंत्र आहे, एक फुगवायची होडी आहे, आणि पाठीला लावायचा एक पट्टा आहे, त्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. मी त्याला तसं ऐकवलं. तो म्हणाला, होडीचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं.

बाबा खुर्चीत बसून मोगरीच्या दांड्याला तेल लावत होते. आई दारात उभी होती. तिने नेहमीप्रमाणे आम्ही बोललेलं सगळं पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून दाखवलं, "कॅमेरा आणलाय म्हणतो. आठ दिवसांसाठी. झाडं बघायला." आईची ही खोडच झाली होती. कुणी काही बोललं की तिने ते दोनदा वाजवायचं. आम्ही तिला घरचा लाउडस्पीकर म्हणायचो.

"आणलाय तर बघा वापरून," बाबा म्हणाले.

त्यांचा हा मोठेपणा मला बघवेना. बाबा अडुसष्ट वर्षांचे. त्यांना ना पत्ते आवडत, ना टीव्ही, ना बागेत बसून म्हाताऱ्यांशी गप्पा मारणं. कॅमेरा आला की मोगरी खुंटीला, आणि मोगरी खुंटीला लागली की हा माणूस वर्षभरात सुकून जाईल, हे मला लख्ख दिसत होतं. ते स्वतः बोलणार नाहीत, म्हणजे त्यांच्या वतीने भांडणं माझ्याकडे आलं. मी ठरवलं, हा कॅमेरा आठव्या दिवशी आला तसा परत जाणार.

शेवटी तह झाला. त्या आठवड्यात बारा झाडं तपासायची होती. आधी बाबांनी ठोकायचं, लगेच मागून धाकट्याने चित्र काढायचं. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर मी बारीक छिद्र पाडून आत काय आहे ते बघायचं. बारावं झाड शाळेच्या अंगणातलं होतं, जुनी तुती, पंधराएक फुटांवर खोडाचे दोन भाग झालेले. मुख्याध्यापिकाबाईंना तिच्याभोवती मुलांसाठी गोल बाक बांधायचा होता. सुतार पुढच्या सोमवारी येणार होता. झाड सुरक्षित आहे असा अहवाल आमच्याकडून आला, की काम सुरू.

सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही तिघं उजाडता उजाडता निघायचो. बँकेच्या मागची गाड्या लावायची जागा, दवाखान्याचं आवार, दोन चौक, कालव्याकडचा रस्ता. बाबांची रीत ठरलेली. झाडाभोवती एक फेरी, बुंध्याजवळची पानं बुटाने बाजूला करणं, मग आमच्याकडे पाठ करून खोडाला अगदी चिकटून उभं राहणं. डावा तळवा सालीवर, उजव्या हातात मोगरी. पाच-सात मिनिटं ठक, ठक, ठक. मग मागे वळून एक शब्द.

धाकटा मागे कॅमेरा घेऊन घाई करत उभा असायचा. बाबा बाजूला झाले रे झाले की ह्याने चित्र काढलंच.

शाळेची तुती बुधवारी झाली. बाबा म्हणाले, "खणखणीत."

गुरुवारी सकाळी धाकटा कॉम्प्युटरसमोर बसला होता. मी चहा घेऊन गेले तर त्याचा चेहरा उतरलेला.

"ताई, बाराच्या बारा झाडं आजारी आहेत."

"काय?"

"बघ तूच. बाबा आठ झाडांना खणखणीत म्हणालेत. कॅमेरा म्हणतो, प्रत्येक खोडावर डाग आहे. नारिंगी. एकही झाड सुटलेलं नाही." तो खरंच घाबरला होता. "म्हणजे शहरात काही साथ आलीय का?"

मी चित्रं बघितली. होते खरे डाग. प्रत्येक खोडावर एक मोठा आणि त्याच्या उजवीकडे एक लहान. मी चित्रं एकेक करून पुढे सरकवली. बँकेचं झाड, दवाखान्याचं झाड, चौकातलं झाड. मग मी कप खाली ठेवला.

"हे डाग जमिनीपासून किती वर आहेत रे?"

"साधारण पाच फूट."

"सगळे?"

"सगळे."

"आणि आपल्या बाबांची उंची किती?"

त्याला काही उमगेना. मी उठून भिंतीवर तळवा दाबून धरला, मनात शंभरपर्यंत मोजलं, हात काढला आणि म्हणाले, "आता काढ चित्र." त्याने काढलं. पांढऱ्या भिंतीवर पाच बोटांचा नारिंगी पंजा उमटला होता.

असं हसले मी, की खुर्चीत बसवेना. बारा झाडांना एकाच उंचीवर एकच रोग, आणि त्या रोगाचं नाव आमचे बाबा. जगात ज्यांनी ज्यांनी हा कॅमेरा घेतला असेल, त्यांतल्या कुणावर ही पाळी आली नसेल, कारण कुणाच्याही घरी झाडाला पाच मिनिटं मिठी मारणारा माणूस नसेल. आईही हसली. धाकट्याचे कान लाल झाले. "विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं," असं तो दोनदा म्हणाला, त्यावर मी अजून हसले.

"झालं, पेटी बंद कर," मी म्हणाले. "ज्याला माणूस आणि रोग ह्यांत फरक कळत नाही, त्याच्यात आपण व्हॅन बुडवायची नाही."

बाबा मात्र हसले नाहीत. ते आईच्या मागून येऊन पडद्याकडे बघत राहिले. आईने त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, पंजा, पाच फूट, सगळं.

"मग उलटं करा," बाबा म्हणाले. "आधी कॅमेरा, मग मी. शाळेचं झाड तरी एकदा परत बघा."

"शाळेचं कशाला? तुम्ही खणखणीत म्हणालात ना?"

"म्हणालो," असं म्हणून ते आत गेले.

दुपारी मी कॅमेरा परत करायचं पत्र लिहायला बसले. असली पत्रं मी मन लावून लिहिते. पुरावा म्हणून दोन-तीन चित्रं जोडावीत, म्हणून एक मोठं करून बघितलं. मोठा डाग म्हणजे डावा तळवा, ते स्पष्टच होतं. लहान डाग म्हणजे कान. पण कानासारखा तो दिसेना. चिंचोक्याएवढा गोल ठिपका, त्याच्या वर काही नाही, बाजूला काही नाही.

मी उठले आणि भिंतीला कान लावला. शंभर अंक मोजून चित्र काढलं. कान, गाल, कानशील मिळून वीतभर लांब डाग उमटला. हे काही तसं नव्हतं. मग कपाळ लावून बघितलं. तेही नाही. मग हनुवटी टेकवली, आणि भिंतीवर चिंचोक्याएवढा गोल ठिपका आला.

"भिंतीला काय चिकटतेयस मगापासून?" आई आत येत म्हणाली.

मी तिला पडदा दाखवला. "आई, बाबा झाडाला कान लावत नाहीत. हनुवटी लावतात."

 आई स्टूल ओढून बसली. तेवढ्यात मला घरातल्या कितीतरी गोष्टी एकामागून एक आठवल्या. बाबांनी फोन घेणं सोडलं होतं, कारण म्हणे फोनवर बोलायचा कंटाळा येतो. मोगरी बदलून जड घेतली होती, कारण म्हणे हाताला व्यायाम. बोलताना आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, आणि मला वाटायचं, वय झाल्यावर माणूस मायाळू होतो.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"उजव्या कानाने नाही. डाव्याने थोडं," आई म्हणाली. "तुला आत्ता कळलं? मी काय हौसेने सगळं दोनदा बोलते?"

"मला सांगायचं नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि तू कुणाचं ऐकून घेतेस का कधी? बोलतेसच सारखी."

 मला वाईट वाटलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे ते रागाच्या वाटेने बाहेर आलं. मी आईला म्हणाले की ह्या घरात सगळे लबाड आहेत. ती बरं म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मी परत चित्रांकडे वळले. बाबांचे निकाल मी ओळीने तपासले. ज्या चार झाडांबद्दल त्यांनी 'बद्द' किंवा 'बघू' म्हटलं होतं, त्यांच्यात खाली खरोखरच निळे पट्टे होते. सात झाडं खणखणीत म्हटलेली, ती तळव्याचे डाग सोडले तर स्वच्छ. म्हणजे हनुवटीलाही कळत होतं. ठोक्याची थरथर हाडातून, दातांतून पोचत असणार. कान गेलेला माणूस जबड्याने झाड ऐकत होता, आणि बरोबर ऐकत होता. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा एवढा अभिमान वाटला की पत्र फाडून टाकावं आणि जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटलं.

मग बारावं चित्र उघडलं. शाळेची तुती. खाली तळवा आणि हनुवटी. आणि वर, जिथे खोडाचे दोन भाग होतात तिथे, ताटाएवढा गडद निळा डाग.

सकाळी हसण्याच्या भरात मी तो बघितलाच नव्हता. बघितला असता तरी म्हणाले असते, हेही बाबाच. पण बाबांची हनुवटी पंधरा फुटांवर पोचत नाही, आणि बाबा निळे नाहीत.

मी बाहेर जाऊन व्हॅनच्या टपाकडे बघितलं. तिथे एक लांब बांबू बांधलेला असतो, टोकाला लहान मोगरी. पूर्वी बाबा त्याने वर ठोके मारायचे आणि खालून आवाज ऐकायचे. आता त्या मोगरीवर कोळ्याने जाळं केलं होतं, तेही जुनं, धुळीने भरलेलं. बांबू कित्येक दिवसांत खाली उतरलाच नव्हता. हनुवटीला जवळचं कळतं. वरचं कळण्यासाठी कानच लागतो.

शुक्रवारी पहाटे मी बाबांना म्हणाले, "चला, शाळेत जाऊन येऊ. धाकट्याला झोपू दे." हे मी त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड नीट दिसेल असं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि बूट घातले.

शाळेत फक्त फाटकावरचा पहारेकरी होता. अंगणात भिंतीलगत बाकासाठी आणलेल्या फळ्या रचून ठेवल्या होत्या, नव्या, गुळगुळीत. आधी मी कॅमेऱ्याने चित्र काढलं. बाबांनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते. निळा डाग जागच्या जागी होता.

मग मी शिडी लावली आणि लहान मोगरी घेऊन चार पायऱ्या चढले. बाबा खाली खोडाला चिकटून उभे राहिले. मी वरून बघत होते, त्यामुळे पहिल्यांदाच मला दिसलं. डोळे मिटलेले, डावा तळवा सालीवर, आणि हनुवटी खोडावर टेकवलेली. चढण्याआधीच मी त्यांना हातवारे करून सांगितलं होतं, ठोका कळला की हात वर करा.

मी वाकून खाली, त्यांच्या डोक्याजवळ ठोका मारला. हात वर झाला. आणखी थोडा वर मारला. हात वर झाला. मग दोन फांद्यांच्या बेचक्यापर्यंत चढून तिथे मारला. रिकाम्या डब्यावर मारावं तसा आवाज आला, मला निम्मंच कळतं त्या मलासुद्धा कळला. खाली हात हलला नाही. मी परत मारला, जोराने मारला. बाबा डोळे मिटून वाट बघत उभे होते.

मी खिशातला पेचकस काढून सालीच्या भेगेत घातला. तो मुठीपर्यंत आत गेला.

खाली उतरले तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बद्द?" त्यांनी विचारलं.

"बद्द."

"खोल?"

मी पेचकस दाखवला. टोकाला ओला, तपकिरी भुसा लागला होता. त्यांनी तो चिमटीत घेऊन वास घेतला. मग जाऊन फळ्यांच्या रासेवर बसले. मी शेजारी बसले, उजवीकडे, मग आठवण होऊन उठून डावीकडे.

"पूर्वी हे मला खालून ऐकू यायचं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

मला वाटत होतं, वर्षभर झालं असेल. ते म्हणाले, "तीन वर्षं. वाचनालयाच्या फाटकातलं झाड. ठोका मारला आणि वाटलं, मोगरीला कुणी कापड गुंडाळलंय. मी उलटसुलट करून बघितली. कापड नव्हतं."

"डॉक्टरकडे?"

"गेलो होतो. कानात घालायचं यंत्र घ्या म्हणाले. आता तू सांग, कानात यंत्र घातलेल्या ठोकेमास्तराला कुणी झाड दाखवलं असतं का?"

"मला सांगायचं होतंत."

"मग तू मला घरी बसवलं असतंस."

मी बसवलं नसतं, असं म्हणणार होते, पण काय केलं असतं ते मला खरंच माहीत नव्हतं.

"वरचं कळत नाही हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तरी खणखणीत म्हणालात."

"सगळीकडे नाही म्हणालो. जिथे शंका आली तिथे बघू म्हणालो."

हे खरं होतं. गेल्या तीन वर्षांत त्यांचे 'बघू' वाढले होते, आणि मी लोकांना सांगायची, बाबा आता फार काळजीपूर्वक काम करतात.

"मग इथे का नाही म्हणालात?"

त्यांनी फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथे शंकाच आली नाही," ते म्हणाले. "बुधवारी घरी जाईपर्यंत नाही आली. तेच वाईट आहे."

मला राग आला, तो लपवत नाही. तीन दिवसांनी ह्या फळ्यांचा बाक झाला असता, त्यावर मुलं डबा खात बसली असती, वर ती फांदी असती आणि कागदावर आमची सही असती. मी हे सगळं बोलले. ते हो म्हणाले. बाजू मांडली नाही, वयाचं कारण सांगितलं नाही, नुसतं हो म्हणाले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. मग मी भांडायचं थांबवलं. 

मुख्याध्यापिकाबाई आल्या. शिडी बघून त्यांनी मला विचारलं, "काय, सगळं ठीक ना? सुताराला सांगते हं सोमवारचं."

मी काहीतरी बेतून सांगणार होते. पुन्हा पाहणी केली, नवीन बाब आढळली, असं. अहवालाची भाषा माझ्या जिभेवर तयारच असते. पण बाबा उठून त्यांच्यासमोर गेले.

"बाई, मी बुधवारी चुकलो," ते म्हणाले. "वर पोकळ आहे. एक फांदी काढावी लागेल. तोवर इथे कुणाला बसू देऊ नका."

'चुकलो'. चाळीस वर्षांत मी ऐकलेला त्यांचा तो चौथा शब्द.

बाईंनी मुलं यायच्या आत झाडाभोवती दोरी बांधायला लावली.  घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "धाकट्याला मी सांगतो. तू मधे बोलू नकोस." मी कबूल केलं.

घरात गेल्या गेल्या मी धाकट्याला म्हणाले, "कॅमेरा ठेवतोय आपण."

तो दात घासत होता. ब्रश तोंडातच राहिला. "बरी आहेस ना तू?"

"तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्याने जाऊन तोंड धुतलं, परत आला आणि संशयाने माझ्याकडे बघू लागला. "माझं कसलं बरोबर," तो म्हणाला. "मला कुठे माहीत होतं असं काही असतं ते. दोन महिन्यांपूर्वी बाबांनीच माहितीपत्रक आणून दिलं. म्हणाले, ताईला माझं नाव सांगू नकोस, ती भांडेल. तू म्हण तुझी कल्पना आहे."

मी बाबांकडे वळले. ते खाली बसून बुटाची नाडी सोडत होते आणि त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. किंवा ह्या वेळी आलं होतं.

म्हणजे आठवडाभर मी ज्या माणसाच्या वतीने कॅमेऱ्याशी भांडत होते, त्यानेच तो मागवला होता. तीन वर्षं जे आम्हाला सांगता आलं नाही, ते कुणीतरी यंत्राने शोधून काढावं म्हणून. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आईने बाहेरून दार वाजवलं आणि एकदाच, हळू आवाजात विचारलं, "चहा ठेवू?"

बाबांनी त्या संध्याकाळी धाकट्याला सगळं सांगितलं. मी मधे बोलले नाही, हवं तर आईला विचारा. नंतर मी तीन वर्षांचे अहवाल काढले. ज्यांच्या अहवालात 'खणखणीत' लिहिलं होतं अशी दोनशे सोळा झाडं निघाली. प्रत्येकाच्या मालकाला मी पत्र पाठवलं की आमच्या खर्चाने फेरतपासणी करतोय, आणि का तेही लिहिलं. काही जण ओरडले, दोघांनी आमच्याकडचं काम काढून घेतलं. त्यांच्याशी मी भांडले नाही.

सुरुवात वाचनालयाच्या फाटकापासून केली. आतापर्यंत नव्वद झाडं झालीत. तीन झाडांच्या वरच्या फांद्या काढाव्या लागल्या, बाकीची खणखणीत. तुती दोनातल्या एका फांदीवर उभी आहे आणि शाळेने बाक भिंतीकडे बांधला. बाबांनी कानाचं यंत्र घेतलं, ते बहुतेक खिशात असतं. व्हॅन जुनीच आहे. आई अजूनही सगळं दोनदा बोलते, सवय जात नाही म्हणते.

आता नियम असा आहे: आधी कॅमेरा, मग बाबा. धाकटा चित्र काढेपर्यंत ते हात पाठीमागे बांधून उभे राहतात. मग पुढे होतात, मोगरी काढतात, खालचं खोड तपासतात. अहवालावर आता दोघांच्या सह्या असतात.

बाबांचं झालं की धाकटा शिडी बांधायला व्हॅनकडे जातो आणि बाबा त्याच्या मागे जातात. तेव्हा कॅमेरा माझ्या हातात असतो. मी झाडाचं अजून एक चित्र काढते. डावा तळवा आणि त्याच्या उजवीकडे चिंचोक्याएवढा ठिपका. दोनेक मिनिटांत तो विझतो, साल पुन्हा सालीच्या रंगाची होते, आणि मी ते होईपर्यंत बघत उभी राहते. ही चित्रं अहवालात जात नाहीत. मी त्यांची वेगळी फाइल केली आहे.

बॅटरी एवढी लवकर कशी उतरते, असं धाकटा परवा विचारत होता. मी म्हटलं, विकणाऱ्याला विचार.